बांधकामाचा पैसा गावात का मुरत नाही?

मराठवाड्यात घरकुलाच्या वाळूचा प्रश्न दर उन्हाळ्यात पेटतो. हप्ता खात्यावर पडलेला असतो, जोतं वर आलेलं असतं आणि वाळू मिळत नाही. मिळाली तर भाव ऐकून माणूस मटकन खाली बसतो. मग वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, घरकुलाला जाहीर केलेली 5 ब्रास मोफत वाळू वेळेवर द्या, घाट खुले करा, बाकीचं सोडा. दुसऱ्या बाजूचे बरेच जण आता पुण्या-मुंबईत राहतात. त्यांना आजोळच्या माळवदाचा, म्हणजे मातीच्या धाब्याचा, गारवा आठवतो आणि ते म्हणतात, मातीच्या घरांकडे परत चला. पहिल्यांना गोदावरीचं उघडं पडलेलं पात्र दिसत नाही, दुसऱ्यांना किल्लारी दिसत नाही. आणि घर बांधून झाल्यावर गावाच्या हाती काय उरलं, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. माती की सिमेंट हा वाद चुकीच्या जागी चालला आहे. घरकुलं, जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायतीच्या इमारती, उपकेंद्रं यांच्या बांधकामावर सरकारचा पैसा वर्षानुवर्षं गावात येतो. त्यातला किती गावात थांबतो, आणि उभी राहिलेली इमारत गावाला पाणी, मजुरी, कसब यांपैकी काही परत देते का, हा खरा प्रश्न आहे. निसर्गाचं नुकसान कमी करा, एवढं सांगून थांबायचं नाही. घेतलं त्याहून जास्त जागेला आणि माणसांना परत द्यायचं, अशा बांधकामाला हल्ली जगभर रीजनरेटिव्ह बांधकाम म्हणतात. ही श्रीमंतांच्या फार्महाऊसची हौस असल्याचा समज आपल्याकडे झाला आहे. मला ती दुष्काळी मुलखाची गरज वाटते. मात्र तिची सुरुवात गरिबाच्या घरकुलापासून करायला माझा विरोध आहे.

आधी पैशाचं बघू. सपाट भागातल्या घरकुलासाठी केंद्राच्या योजनेत 1 लाख 20 हजार रुपयांची रक्कम धरलेली आहे. ती लाभार्थ्याच्या खात्यात येते आणि तिथून बाहेर पडते. सिमेंट येतं गडचांदूर किंवा वाडीच्या बाजूच्या कारखान्यांतून. वाळू येते नदीतून, पण तिचा पैसा नदीकाठच्या गावाला क्वचितच मिळतो. सळई निदान जालन्याची असू शकते, म्हणजे तो पैसा मराठवाड्यात तरी राहतो, हे मान्य करायला हवं. राहता राहिली गवंड्याची आणि बिगाऱ्याची मजुरी. ज्या महिन्यांत बांधकामं जोरात चालतात त्याच महिन्यांत बीड, धाराशिव, परभणीकडच्या गावांतली निम्मी आळी कुलूपबंद असते. दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात, काही वीटभट्ट्यांवर जातात. गावातलं घर बाहेरच्या मालानं उभं राहतं आणि गावातला माणूस दुसऱ्या जिल्ह्यात विटा थापतो. याला कुणी विकास म्हणत असेल तर त्यात गावाचा विकास कुठे आहे?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. 1972 च्या दुष्काळात लाखो हात कामावर आले. खडी फोडली, रस्त्यांचं मातीकाम केलं, पाझर तलाव बांधले. मजुरी सगळ्याच कामांवर मिळाली आणि तिनं माणसं जगली, त्या उपकाराला कमी लेखायचं कारण नाही. पण पुढे काय झालं? फोडलेल्या खडीचे कित्येक ढीग रस्त्याच्या कडेला तसेच पडून राहिले, मातीचे रस्ते पावसाळ्यांत वाहून गेले. जिथे जागा नीट निवडली होती तिथल्या पाझर तलावांखालच्या विहिरींना मात्र नंतरही पाणी राहिलं. घाम तोच, मजुरी तीच, तरी एक काम करून संपलं आणि दुसरं देत राहिलं. राज्यानं 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा उत्पादक कामाचा आग्रह होता, तो याच अनुभवातून. मग इमारतींना तोच निकष आपण कधी का लावला नाही? त्याही आधीच्या काळाकडे बघा. बीडची खजाना बावडी निजामशाहीच्या काळातली, दुष्काळातही न आटणारी अशी तिची ख्याती. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव गाळानं आणि कचऱ्यानं भरली होती. अलीकडे गावकऱ्यांनीच उपसून साफ केली, तर शेकडो वर्षांची पायऱ्यांची रचना जशीच्या तशी हाती आली. या बांधकामांची दुरुस्ती गावाला करता येते, हा त्यांचा मोठा गुण. आजच्या ग्रामपंचायत भवनाचा स्लॅब गळायला लागला तर गाव काय करू शकतं? ठराव करतं आणि निधीची वाट बघतं.

आता विरोधातल्या मुद्द्यांकडे येतो. पहिला मुद्दा किल्लारीचा. तो टाळून मराठवाड्यात घरांबद्दल काही बोलायचा अधिकार कुणालाच नाही. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसं झोपेतच गेली, आणि बहुतेक जण स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली. ज्यांनी ते ढिगारे हातांनी उपसले त्यांना मातीच्या गारव्याचं कौतुक सांगणं हा उद्धटपणा आहे. त्या भागातल्या माणसानं 'मला स्लॅबच हवा' म्हटलं तर त्याला अडाणी ठरवणारा लेख मी लिहिणार नाही.

पण नेमकं काय पडलं, हे पाहायलाच हवं. त्या भिंती हातभरापेक्षा जाड होत्या, पण एकसंध नव्हत्या. आतली दगडांची एक रांग, बाहेरची दुसरी, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड नव्हते. जमीन हलली तशा दोन्ही रांगा दोन बाजूंना फुगल्या आणि सुटल्या. वर पांढऱ्या मातीचं माळवद; गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर नवा थर, वर्षानुवर्षं. इतकं ओझं डोक्यावर आणि भिंतीला चारी बाजूंनी बांधून ठेवणारा आडवा पट्टा कुठेही नाही. त्याच गावांत ज्या जुन्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथे भिंती ढासळल्या तरी सांगाडा अनेकदा उभा राहिला. म्हणजे दोष रचनेत होता, आणि तो दूर करता येतो. भारतीय मानक संस्थेनं 1993 सालीच मातीच्या आणि कमी ताकदीच्या दगडी बांधकामांना भूकंपात टिकवण्याची दोन मानकं काढली, 13827 आणि 13828 क्रमांकांची. जोत्यावर, खिडकी-दारांच्या वर आणि छताखाली सलग पट्टे, कोपऱ्यांची पक्की बांधणी, आरपार दगड, हलकं छप्पर: त्यात अशक्य असं काही नाही. उलट बाजूही बघा. 2001 च्या कच्छ भूकंपात केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांबच्या अहमदाबादमध्ये सिमेंट-सळईच्या बहुमजली इमारती कोसळल्या. नदीतल्या मातकट वाळूचा, मोजून-मापून न घातलेल्या पाण्याचा आणि चार दिवसही पाणी न मारलेला स्लॅब गावोगावी दिसतो. फक्त सिमेंट आहे म्हणून त्याला सुरक्षित म्हणायचं का?

किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात आणखी एक धडा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. 52 गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद सरळ रस्ते, चौकोनी आखणी, काही ठिकाणी घुमटाकार घरंसुद्धा. मदत देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण गोठा कुठे, कडबा कुठे, परसात चूल कुठे, हे विचारलं कुणी? लोकांनी पुढे पत्र्याच्या शेडा जोडल्या, जुन्या गावठाणातलं लाकूड-दगड आणून पडव्या काढल्या. ज्या गावांत जुनी घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती, तिथे मात्र वेगळं घडलं. स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. माल कसा तपासायचा, पट्टा कुठे हवा, हप्त्याचे पैसे कशाला लागले, हे त्यांनी शिकून घेतलं आणि गवंड्याला, अभियंत्याला जाब विचारला. पुढे 2001 मध्ये त्यांतल्या बायका गुजरातच्या भूकंपग्रस्तांना शिकवायला गेल्या. त्या कामातून घरं दुरुस्त झाली, शिवाय एक कसब गावात राहिलं. मी ज्याला परत देणारं बांधकाम म्हणतो त्याचं मराठवाड्यातलं उत्तम उदाहरण हेच, आणि त्यात माती की सिमेंट हा प्रश्न कळीचा नव्हता.

दुसरा मुद्दा मला त्याहून जड वाटतो. ज्या कुटुंबानं पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर, कुडाच्या भिंतींत दिवस काढले, त्याच्यासाठी स्लॅबचं घर म्हणजे नुसता निवारा नाही. आपणही पाटलाच्या घरासारख्या घरात राहतो, हे ते घर साऱ्या गावाला सांगतं. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत खेड्यांचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले, ते याच अनुभवावरून. अशा कुटुंबाला आता 'पर्यावरणासाठी तुम्ही मातीत राहा' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि सांगणारा स्वतः मात्र वातानुकूलित फ्लॅटमध्ये राहणारा. इजिप्तमध्ये हसन फातही या थोर वास्तुविशारदानं 1940 च्या दशकात लक्सरजवळ मातीच्या विटांचं सुंदर गाव वसवलं. ज्यांच्यासाठी बांधलं त्यांतल्या बहुतेकांनी तिथे जायलाच नकार दिला. घरं वाईट नव्हती, पण तिथं जायचा निर्णय त्या लोकांचा नव्हता.

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच क्रम उलटा हवा. आधी जिल्हाधिकाऱ्यांचं निवासस्थान, पंचायत समितीची इमारत, विश्रामगृह, कृषी कार्यालय, शाळा गावच्या मातीनं आणि गावच्या हातांनी बांधा. मातीला गरिबीची खूण आपण बनवलं, ती तशी नव्हती. मराठवाड्यातल्या देशमुखांच्या गढ्या कशाच्या होत्या? पांढऱ्या मातीच्याच, आणि काही आजही गावात सर्वांत उंच उभ्या आहेत. त्या उभारताना वेठबिगारी झाली हेही खरं, तिचं उदात्तीकरण नको. पण सत्तेची आणि संपत्तीची इमारत मातीची असू शकत होती, एवढं त्यातून दिसतं. घरकुलाच्या याद्या मात्र 2011 च्या सर्वेक्षणातल्या कच्च्या भिंती आणि कच्चं छप्पर या निकषांवर निघाल्या. सरकारच मातीच्या भिंतीला दारिद्र्याचा पुरावा मानत असेल तर लाभार्थी तिच्यापासून पळेल नाही तर काय करेल? तालुक्याची सर्वांत देखणी इमारत गावच्या मुरमाच्या ब्लॉकची आहे असं ज्या दिवशी लोक बघतील, त्या दिवसानंतर घरकुलवाल्यानं स्वतःचं ठरवावं. त्याचा निर्णय काहीही असो, तो त्याचाच.

तिसरा आक्षेप देखभालीचा, आणि तो बहुतेक वेळा बायकाच घेतात. सारवण, पोतेरं, पावसाळ्याआधी भिंती लिंपणं, हे सगळं कुणी केलं? घरातल्या बायकांनी, फुकट, शेतातलं काम सांभाळून. 'माती दरवर्षी थोडीशी देखभाल मागते' असं पुरुष लिहितो तेव्हा ती देखभाल कोण करणार हे तो लिहीत नाही. त्यामुळे माझी अट स्पष्ट आहे: दरवर्षी लिंपावी लागेल अशी भिंत सुचवायचीच नाही. दगडी जोतं, छपराची रुंद पाखी आणि दाबून घट्ट केलेले माती-सिमेंटचे ब्लॉक घेतले तर तशी वेळ येत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 पासून 'अस्त्र' या केंद्रानं यावर काम केलं आहे. शंभर भाग मातीत साधारण पाच ते दहा भाग सिमेंट मिसळायचं, हातानं दाबायच्या लोखंडी यंत्रात ब्लॉक पाडायचे, भाजायचे नाहीत. भट्टी नाही, म्हणून जळण नाही.

'पण आमची काळी माती चालणार नाही' असं लगेच कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्या ब्लॉकची भिंत टिकायची नाही. तलावातला गाळही नको, त्याची जागा शेतातच. लागतो तो मुरूम आणि वाळूसर, जेमतेम चिकण असलेली माती, आणि ती कशी ओळखायची हे कुणालाही अर्ध्या दिवसात शिकता येतं. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घालायची, वर पाणी, चिमूटभर मीठ, खळखळून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. खडा आणि वाळू पाहता पाहता तळाशी बसतात, मग मऊ गाळाचा थर, आणि सर्वांत शेवटी, कधी दुसऱ्या दिवशी, चिकणमातीची पातळ साय. थरांची जाडी पट्टीनं मोजली की कशात काय मिसळायचं ते ठरतं. दुसरी कसोटी हाताची. ओलसर मातीचा लाडू करून छातीच्या उंचीवरून सोडायचा. चार-सहा तुकडे झाले तर पाणी बरोबर, चपटा बसला तर जास्त, भुगा झाला तर कमी. दहावी नापास पोरगा हे करू शकतो आणि त्यावर मजुरी कमावू शकतो. चिकणपणा जास्त निघाला तर चुना आहे. आपल्याच शेतांत सापडणारी चुनखडी भाजून, घाणीत मळून जुने वाडे बांधले. त्या घाणीची दगडी चाकं अजून काही वाड्यांच्या मागे पडलेली दिसतात. परळीच्या औष्णिक केंद्राची राख आहे, तिच्या विटा आजही होतात. आणि मातीत वनस्पतीचे धागे मिसळून किती टिकतं, याचा दाखला तर वेरूळला आहे: तिथल्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे मिसळलेले आहेत, असं पुरातत्त्व खात्याच्या आणि इथल्याच विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं. बाराशे-चौदाशे वर्षांपूर्वी इथल्या कारागिरांना जे ठाऊक होतं ते आपल्या तंत्रनिकेतनात शिकवायला काय हरकत आहे?

पाण्याचा हिशेब तर समोरच आहे, आणि त्याला मातीही लागत नाही. घरकुलाचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर. मराठवाड्यातला वर्षाचा पाऊस ढोबळमानानं 700 मिलिमीटर धरला तर एवढ्या छपरावर साडेसतरा हजार लिटर पाणी पडतं. वाया जाणारं वजा केलं तरी 14 हजार हाती लागतं. शंभर घरकुलांचं झालं 14 लाख लिटर. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाणी एक्सप्रेस आली, तिच्या 10 वाघिणींत 5 लाख लिटर पाणी होतं. म्हणजे शंभर घरकुलांच्या छपरांवरून जवळजवळ तशा तीन गाड्या दरवर्षी वाहून जातात. सगळं मुरत नाही, आपल्याखाली काळा पाषाण आहे, भेगा असतील तिथेच पाणी उतरतं, हे खरं. म्हणून गाळणी लावून बंद पडलेल्या बोअरमध्ये किंवा आडात सोडायचं की टाकीत साठवायचं, हे जागा बघून ठरवावं लागेल. पण घराच्या नकाशात पन्हाळ आणि पाइप असणं इतकं सक्तीचं का नाही, जितका शौचालयाचा फोटो सक्तीचा आहे? उन्हाळ्यात स्लॅबला पाणी मारायला टँकर विकत आणायचा आणि जूनमध्ये त्याच स्लॅबवरचं पाणी गटारीत सोडायचं, हे आपण किती वर्षं चालू देणार?

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: गवंडी कुठून आणणार, अभियंता सही करेल का? आज करणार नाही. दरसूचीत ज्या कामाचा दर सहज सापडतो तेच अंदाजपत्रकात येतं आणि अभियंत्याला लेखापरीक्षणाची भीती असते. त्याला दोष देऊन उपयोग नाही. केरळमध्येही हेच होतं. तिथे 1980 च्या दशकात स्थानिक मालातून स्वस्त घरं बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या पद्धतीवर कॉस्टफोर्ड ही संस्था उभी राहिली, कोल्लममध्ये स्वस्त बांधकामासाठी निर्मिती केंद्र निघालं, सरकारी इमारतींची कामं त्यांना मिळाली आणि गवंडी त्या कामांवरच शिकले. भुजमध्ये 2001 नंतर हुन्नरशाळा या संस्थेनं कारागिरांना हाताशी धरून तेच केलं. काम मिळालं म्हणून कसब तयार झालं. आधी कसब दाखवा मग काम देतो, असं कुणी म्हणालं नाही. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानं 'पहल' नावानं प्रदेशवार घरांचे नमुने छापले, पण ते नमुने बांधायला शिकलेला माणूस तालुक्यात नसेल तर पुस्तक कपाटातच राहणार.

म्हणून मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत करता येण्याजोगी मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हा परिषदेनं या वर्षी बांधायच्या वर्गखोल्यांपैकी काही माती-सिमेंटच्या ब्लॉकनी बांधायला घ्याव्यात, भूकंपाचे सगळे पट्टे घालून. वडार, बेलदार, कुंभार, गवंडी यांच्यातल्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या तरुण-तरुणींना त्याच कामावर, पूर्ण मजुरी देऊन शिकवावं, आणि काम दिवाळीनंतर सुरू करावं, म्हणजे उचल घ्यायची की नाही हा पर्याय त्यांच्यापुढे खरोखर असेल. प्रत्येक सरकारी इमारतीच्या अंदाजपत्रकात दोन रकाने वाढवावेत: मजुरी आणि माल यांतला किती पैसा तालुक्यात राहणार, आणि छपरावरचं पाणी कुठे जाणार. ते अंदाजपत्रक काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवावं, आणि ज्या बायकांना पुढची तीस वर्षं ती इमारत झाडायची आहे त्यांना आधी बोलू द्यावं.